साधन घरात आलं, पण कामाला आलं का? दिव्यांगांच्या सहाय्यक साधनांविषयी सोप्या भाषेत

बँकेचं खातं आता घरबसल्या उघडता येतं. फोनचा कॅमेरा चालू करायचा, चेहरा पडद्यावरच्या चौकटीत धरायचा आणि "डोळे मिचकावा" अशी सूचना आली की मिचकावायचे. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, एवढीच खात्री यंत्राला करून घ्यायची असते. पण ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच जळून गेल्या, त्यांनी मिचकावायचं काय? आणि ज्यांना दिसतच नाही, त्यांचा चेहरा चौकटीत आला की नाही हे त्यांना कोण सांगणार?

हाच प्रश्न घेऊन ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक पूर्ण अंध याचिकाकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठानं निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगून न्यायालयानं सरकारला आणि नियामक संस्थांना २० निर्देश दिले.

ॲपमध्ये एक जास्तीचा पर्याय द्यायला थेट सर्वोच्च न्यायालय कशाला लागलं, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर हवं असेल तर सहाय्यक साधनं कशी चालतात हे समजून घ्यावं लागेल. अनेक घरांत ती कपाटात का पडून राहतात, हे तर त्याहून आधी.

सहाय्यक साधन म्हणजे नेमकं काय?

शरीराची एखादी क्षमता कमी पडत असेल तेव्हा रोजचं काम करता यावं म्हणून वापरायची वस्तू, यंत्र किंवा सॉफ्टवेअर म्हणजे सहाय्यक साधन. कुबडी, पांढरी काठी, व्हीलचेअर, कॅलिपर, जयपूर फूट, श्रवणयंत्र, ब्रेल पाटी, फोनवरचं बोलणारं सॉफ्टवेअर, हे सगळं त्यात आलं. जाड मुठीचा चमचा आणि न घसरणारी ताटाखालची रबरी चटईसुद्धा आली, कारण अर्धांगवायूनंतर एका हातानं जेवणाऱ्या माणसाला त्यांचीच गरज असते.

यातलं सर्वात ओळखीचं साधन बहुतेकांच्या नाकावर असतं. चष्मा हेही सहाय्यक साधनच आहे. पुढचा सगळा विषय समजायला चष्म्याचाच दाखला पुरेल. चष्मा घेताना आपण आधी डोळे तपासतो, नंबर काढतो, फ्रेम नाकावर नीट बसते का ते पाहतो, दोन दिवस चक्कर आल्यासारखं झालं तर सवय होईपर्यंत थांबतो, काडी मोडली तर कोपऱ्यावरच्या दुकानात नेतो. एखाद्या मैदानावर मंडप घालून पाचशे लोकांना एकाच नंबरचे चष्मे वाटले तर? वाटप झालं, फोटो निघाले, पण दिसायला कुणाला लागलं? व्हीलचेअर आणि श्रवणयंत्रांच्या बाबतीत आपल्याकडे नेमकं हेच होत आलं आहे.

गरज किती मोठी आहे? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मे २०२२ मध्ये काढलेल्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून जास्त लोकांना किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे. २०५० पर्यंत हा आकडा साडेतीनशे कोटींवर जाईल, कारण लोक जास्त वर्षं जगत आहेत. काही श्रीमंत देशांत गरजूंपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांना साधन मिळतं, तर काही गरीब देशांत जेमतेम ३ टक्क्यांना. भारताच्या २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यातले साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. त्या वेळी कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते २१ केले, म्हणजे ॲसिड हल्ल्यानं आलेलं अपंगत्व, पार्किन्सन, स्वमग्नता, थॅलेसेमिया हे सगळे त्यात आले. जुना आकडा त्यामुळे अपुराच धरायला हवा.

खुर्ची ती खुर्ची, तिची मापं कसली घ्यायची?

हा प्रश्न मनात येतो, कारण आपण बहुतेकांनी व्हीलचेअर पाहिलेली असते ती दवाखान्यात. ती खुर्ची पेशंटला वॉर्डातून एक्स-रेपर्यंत ढकलत नेण्यासाठी असते. वीस मिनिटांसाठी कुणीही बसावं, मागून कुणीतरी ढकलावं. दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत काढणाऱ्या आणि ती स्वतःच्या हातांनी चालवणाऱ्या माणसासाठी ती बनवलेलीच नसते.

आता झाडावरून पडून कण्याला मार बसलेला एक तरुण डोळ्यांसमोर आणा. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. शिबिरात त्याला मोठ्या मापाची खुर्ची मिळाली. बैठक रुंद, म्हणून तो एका बाजूला कलून बसतो आणि काही महिन्यांत पाठीचा कणा त्या बाजूला वाकायला लागतो. चाकं लांब, म्हणून हात ताणून ढकलावं लागतं आणि खांदे दुखतात. बैठक जास्त खोल असेल तर कडा गुडघ्यामागे रुतते, मग तो पुढे घसरतो. पायपट्टी उंच असेल तर मांड्या वर उचलल्या जातात आणि शरीराचा सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो. आपल्याला असा दाब जाणवतो म्हणून आपण नकळत चुळबुळ करतो. त्याला तो जाणवतच नाही. कातडी लाल होते, मग फुटते, मग जखम हाडापर्यंत जाते. याला दाबव्रण म्हणतात, बोलीत बेडसोअर. त्यातून जंतुसंसर्ग रक्तात गेला तर जीवही जातो. दाब विभागणारी योग्य गादी आणि ठरावीक वेळानं हातांवर जोर देऊन अंग उचलायची सवय, या दोन गोष्टींनी हे बरंचसं टळतं. शिबिरात खुर्चीबरोबर अशी गादी क्वचित मिळते, आणि ही सवय शिकवायला कुणाला वेळ नसतो.

श्रवणयंत्राचंही तसंच. ऑडिओग्राम म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख. त्यानुसार यंत्र जुळवावं लागतं. कानात बसणारा साचा त्या माणसाच्याच कानाचं माप घेऊन केलेला हवा. साचा सैल असेल तर आतला आवाज बाहेर झिरपून पुन्हा यंत्राच्या माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. "आजोबांचं यंत्र सारखं कुंई कुंई करतं" ही घरोघरची तक्रार पुष्कळदा साच्याची असते, यंत्राची नव्हे. बाळांचे कान भराभर वाढतात, त्यामुळे त्यांचे साचे दर काही महिन्यांनी बदलावे लागतात. शिवाय यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, भांड्यांचा खणखणाटही. त्यातून बोलणं वेगळं काढायला मेंदूला काही आठवडे लागतात. हे कुणी आधी सांगितलं नाही तर आजोबा तिसऱ्या दिवशी यंत्र डबीत ठेवून देतात. कोकणातल्या पावसाळ्यात ते रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायचं असतं, हेही सांगावंच लागतं.

अमेरिकेत १९९३ साली २२७ प्रौढ वापरकर्त्यांच्या एका पाहणीत असं दिसलं की त्यांना मिळालेल्या साधनांपैकी २९.३ टक्के त्यांनी टाकून दिली होती. चार कारणं पुढे आली: निवडताना वापरणाऱ्याचं मत न घेणं, साधन नीट न चालणं, गरज बदलणं, आणि साधन फार सहज हाती येणं. चौथं कारण वाचून आश्चर्य वाटेल. तपासणी आणि चर्चा न होता जे पटकन हातात पडतं, ते जुळत नाही आणि म्हणून टाकलं जातं. आपल्याकडच्या वाटप-मेळाव्यांचं दुखणं यात नेमकं आलं आहे असं मला वाटतं.

उलट उदाहरण जयपूर फूटचं. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. तोवरचे परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी केलेले असत. त्यांनी उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलात उतरता येईना. शर्मा आणि सेठींनी रबराचा असा पाय केला की तो अनवाणी चालतो, भिजला तरी बिघडत नाही आणि घोट्यात हवा तसा वळतो. शेतकऱ्याला पुन्हा बांधावर जाता आलं. वापरणारा कुठे राहतो, कसा बसतो, काय काम करतो हे आधी पाहिलं म्हणून हे साधलं.

न पाहता फोन कसा चालवतात?

अंध व्यक्ती व्हॉट्सॲप वापरते, पैसे पाठवते, रेल्वेचं तिकीट काढते, हे ऐकून अजूनही अनेकांना नवल वाटतं. हे घडतं स्क्रीन रीडरमुळे. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर असतं. अँड्रॉइड फोनमध्ये ते टॉकबॅक नावानं आधीपासून असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावानं २००९ पासून. विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं आणि आजही पूर्ण मोफत. त्याआधी बराच काळ महागड्या परवान्याचं सॉफ्टवेअर विकत घेणं हाच मुख्य रस्ता होता. यातली बरीच सॉफ्टवेअर आता मराठीही वाचतात.

टॉकबॅक चालू असला की फोन वेगळा वागतो. बोट पडद्यावर फिरवलं की बोटाखाली जे असेल ते तो बोलतो: "कॅमेरा", "संदेश, ३ न वाचलेले". उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. हवं ते सापडलं की पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारायची, ते उघडतं. सरावलेल्या वापरकर्त्याचा वाचनाचा वेग इतका असतो की आपल्या कानाला नुसती गुणगुण ऐकू येते. पडदा पूर्ण काळा ठेवूनही फोन चालवता येतो, म्हणजे बसमध्ये शेजारचा डोकावू शकत नाही. दिसणाऱ्या माणसानं एकदा तरी हे करून पाहावं. बहुतेक फोनवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात टॉकबॅक सापडतं. बंद कसं करायचं ते मात्र आधी पाहून ठेवा, कारण चालू झाल्यावर नेहमीची एक टिचकी चालत नाही.

आता अडतं कुठे ते पाहू. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही. त्या चित्रामागे जो मजकूर किंवा नाव लिहून ठेवलेलं असतं, ते वाचतो. ॲप बनवणाऱ्यानं "पैसे पाठवा" या बटणाला आत नाव दिलं नसेल तर आवाज येतो नुसता "बटण". शेजारचंही "बटण", त्याच्या पुढचंही "बटण". कोणतं दाबायचं? शाळेची सूचना कागदावर छापून, तिचा फोटो काढून पालकांच्या गटावर टाकली की ऐकू येतं "फोटो". फॉर्म भरताना ओटीपी ऐकून, ॲप बदलून, टाइप करेपर्यंत वेळ संपतो. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी चित्रकोडी तर यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणूनच केलेली असतात, आणि अंध माणूस यंत्राच्याच मदतीनं वाचत असतो.

मराठीत यात एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला संगणकात स्वतःची ओळख देणारी पद्धत, येण्याआधी आपण जे फॉन्ट वापरायचो, त्यांत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत. फक्त त्यांचं दिसणं देवनागरी. कृतिदेव फॉन्टमध्ये "भारत" असा दिसणारा शब्द आत "एच, के, के, जे, आर" असा असतो. डोळ्यांना भारत दिसतं, स्क्रीन रीडर त्या पाच इंग्रजी अक्षरांचा निरर्थक उच्चार करतो. अशा फॉन्टमध्ये केलेली परिपत्रकं, पाठ्यसाहित्य आणि अर्जांचे नमुने आजही फिरत असतात. स्कॅन केलेले शासकीय कागद तर नुसती चित्रं. यावर उपाय महाग नाही, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा एवढंच. गृहसंस्थेची नोटीस असो की मंडळाचं पत्रक, फोटोबरोबर तोच मजकूर खाली लिहिला तर अंध सभासद तो त्याच क्षणी वाचू शकतो. हे आजपासून कुणीही करू शकतं.

मग न्यायालयानं बदललं काय?

साधन आपल्या बाजूनं कितीही चांगलं असलं तरी समोरची इमारत, वेबसाइट किंवा ॲप त्याला साथ देणारं लागतं. या गुणाला सुगम्यता म्हणतात. उतार नसलेल्या पायरीपुढे उत्तम व्हीलचेअर थांबते, तसा नाव नसलेल्या बटणापुढे स्क्रीन रीडर. २०१६ च्या कायद्यानं हे ओळखलं होतं. नियम जून २०१७ मध्ये निघाले. तिथपासून सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत होती आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच. दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या.

ढिलाईचं एक कारण नियमांतच होतं. कायदा म्हणत होता "केलंच पाहिजे", आणि नियम १५ मध्ये ज्या दस्तऐवजांकडे बोट दाखवलं होतं, ते बहुतेक शिफारशींच्या भाषेत होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश डॉ. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं हा विरोधाभास दाखवला, नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानकं वेगळी काढून नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. मानकं आपल्याकडे नाहीत असंही नाही. वेबसाइट आणि ॲपसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानक आहे, आणि २०२३ पासून ते या कायद्याच्या नियमांत आहे.

त्यानंतरचा एप्रिल २०२५ चा निकाल ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेबद्दल, म्हणजे केवायसीबद्दल. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, कागदावरच्या केवायसीची वाट बंद करू नका, यंत्रानं अर्ज नाकारला तर माणसानं तो पुन्हा पाहावा, संकेतस्थळांची सुगम्यता ठरावीक काळानं तपासून घ्या, असे हे निर्देश आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं केवायसीच्या निर्देशांत दुरुस्ती केली. जिवंतपणाच्या तपासणीमुळे विशेष गरजा असलेली व्यक्ती वगळली जाऊ नये, हे आता त्यांत लिहिलेलं आहे. तुमच्या ओळखीत कुणाचं खातं अशा कारणानं अडलं असेल तर शाखेत जाताना हे माहीत असू द्या.

साधन मिळवायचं कुठून?

सुरुवात अपंगत्वाच्या दाखल्यापासून. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सिव्हिल हॉस्पिटलला किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, मिळतं, जे देशभर चालतं. २०२४ च्या दुरुस्तीपासून कार्डाला रंग आहेत: ४० टक्क्यांहून कमी अपंगत्वाला पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. बहुतेक योजनांसाठी ४० टक्क्यांची अट असते.

केंद्राची मुख्य योजना म्हणजे एडिप, १९८१ पासूनची. सध्याच्या निकषांनुसार मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. तेच साधन गेल्या तीन वर्षांत सरकारकडून घेतलेलं नसावं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकच वर्षाची आहे, कारण मूल वाढतं. या योजनेतली बरीच साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची आता ठिकठिकाणी प्रधानमंत्री दिव्याशा केंद्रं आहेत. वर्षातून एकदा होणाऱ्या शिबिराची वाट पाहण्यापेक्षा जवळ असं केंद्र आहे का ते शोधणं चांगलं.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. गावपातळीवर त्याहून उपयोगी पडतो तो ५ टक्के निधी. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं आपल्या उत्पन्नातला हा हिस्सा दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. अनेक गावांत तो वर्षअखेरीस किरकोळ रकमा वाटून संपवला जातो. ग्रामसभेत उठून लेखी मागणी करा: आमच्या गावात इतक्या जणांना अमुक साधनं हवीत, मापं घेऊन हवीत. ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तीत चष्मा, काठी, वॉकर, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात येतात. रक्कम लहान आहे, चांगलं श्रवणयंत्र त्यात येत नाही, पण वॉकर किंवा कमोड खुर्ची येऊ शकते.

मार्गदर्शनासाठी जाणकार संस्था आपल्याकडे आहेत. श्रवणदोषासाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, चालण्या-फिरण्याच्या साधनांसाठी हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, अंधांसाठी सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं संसाधन केंद्र आणि नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या शाखा, कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड. गोव्यात २०२३ पासून पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो. तिथे नवी साधनं हाताळून पाहता येतात आणि ती रोज वापरणारी माणसं भेटतात. माझ्या मते दुकानदाराआधी बोलावं ते अशा माणसांशीच.

साधन ताब्यात घेण्याआधी विचारायचं ते असं: माप कोण घेणार, वापरायला कोण आणि किती दिवस शिकवणार, बिघडलं तर कुठे न्यायचं, सुटे भाग जिल्ह्यात मिळतात का, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायला कुणी येणार का. उत्तरं मिळाली नाहीत तर सही करण्याआधी पुन्हा विचारा.

"सवय लागेल" ही भीती खरी आहे का?

घरातली मोठी माणसं हे प्रेमापोटीच म्हणतात. मशीन लावलं तर उरलंसुरलं ऐकूही जाईल, काठी धरली की पाय आळशी होतील. नीट जुळवलेल्या श्रवणयंत्रानं कान बिघडत नाहीत. उलट लहान मुलांत आवाज मेंदूपर्यंत वेळेत पोचला नाही तर भाषा शिकण्याची मोलाची वर्षं हातची जातात. न बोलणाऱ्या मुलाला चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप दिलं तर ते बोलायचा प्रयत्नच सोडेल, ही भीती तर फारच पसरलेली आहे. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. कित्येक मुलांचं तोंडी बोलणं त्यामुळे थोडं वाढलेलंच आढळलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे असं मोफत ॲप मराठीतही आहे: मूल "पाणी"च्या चित्राला हात लावतं आणि फोन ते बोलतो. ज्याला काही सांगता येत नव्हतं, त्याचा राग-आदळआपट कमी होते, आणि हे पालकांना सर्वात आधी जाणवतं.

आता फोनच सगळं वाचतो, मग ब्रेल कशाला?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे फोन आज समोरच्या दृश्याचं वर्णन करतो, पत्र वाचून दाखवतो. रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप २०२० पासून नोट किती रुपयांची ते सांगतं, तेही इंटरनेटशिवाय. नव्या नोटांचे आकार एकमेकांजवळचे असल्यानं अंधांची पंचाईत झाली होती, तो विषय नॅबनं मुंबई उच्च न्यायालयात नेला होता. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखते, जे साध्या काठीला लागत नाहीत, जसं वाटेवर झुकलेली फांदी किंवा उभ्या ट्रकचं मागचं फळकूट. हे सगळं मोलाचं आहे.

तरी वर्णन करणारं यंत्र चुकतं. औषधाच्या पट्टीवरचा आकडा चुकला तर त्याची किंमत मोठी. शिवाय ऐकून भाषा कळते, शुद्धलेखन कळत नाही. "दिन" आणि "दीन" कानाला जवळजवळ सारखेच. गणित, स्वरलिपी, सही करण्याआधी कराराचं एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचणं, यासाठी बोटाखाली अक्षर लागतं. बहिरं-अंधत्व असलेल्यांना तर आवाजाचा मार्गच नाही. १९५१ पासून भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत आहे, म्हणून मराठी शिकलेलं मूल हिंदीही त्याच ठिपक्यांत वाचतं. वाचायला पुस्तकं हवीत, तर त्यातला कायद्याचा अडसरही बराचसा दूर झाला आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांगांसाठी पुस्तकाचं सुलभ रूप करायला प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही. पुढे अंधांना पुस्तकं सुलभ रूपात मिळावीत यासाठीचा मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करणारा पहिला देश भारत ठरला, २०१४ मध्ये. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी केलेल्यांना अनेक भाषांतली पुस्तकं मिळतात.

थोड्या लोकांसाठी एवढा खर्च परवडेल का?

ॲप बनवतानाच बटणाला नाव द्यायला काही मिनिटं जातात. ॲप बाजारात गेल्यावर ते दुरुस्त करायला पैसे लागतात. इमारतीचा उतार आराखड्यात घेतला तर सिमेंटचाच खर्च, नंतर करायचा तर तोडफोड. खर्च वाढतो तो उशिरामुळे. आणि उतार वापरतं कोण ते रेल्वे स्टेशनवर उभं राहून पाहा: बाळगाडी ढकलणारी आई, गुडघे दुखणारे आजोबा, सामानाची ट्रॉली ओढणारा विद्यार्थी.

फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार करायची?

करायची. कायद्यानं हा हक्क आहे, उपकार नाही, आणि योजनेतलं साधनही करदात्यांच्या पैशातूनच येतं. महाराष्ट्रात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत. सुगम्यता नसलेली सेवा, न जुळणारं साधन, अडवलेला अर्ज, यांची तक्रार त्यांच्याकडे करता येते. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

तक्रार लिहिताना "ॲप चालत नाही" एवढंच लिहू नका. कोणता फोन, कोणता स्क्रीन रीडर, कोणत्या पानावर कोणतं बटण काय बोललं, ते तारखेसह लिहा. टॉकबॅक चालू ठेवून पडद्याचं आवाजासकट रेकॉर्डिंग करा आणि जोडा. व्हीलचेअरची तक्रार असेल तर बसलेल्या माणसाचा समोरून आणि बाजूनं फोटो, बैठकीची रुंदी आणि नितंबांची रुंदी सेंटीमीटरमध्ये. अर्जाची पोच घ्या. आधी सेवा देणाऱ्याला लेखी कळवलं असेल तर त्याची प्रतही जोडा, म्हणजे "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" हे उत्तर त्यांना देता येत नाही.